डब्ल्यू१२३ चा पुढचा कॅलिपर चिकटतोय: नवा शोधू की जुनाच उघडू?

तवंदीघाट:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९८२ ची मर्सिडीज २४०डी आहे, डब्ल्यू१२३ मॉडेल, केए-२२ पासिंग. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. दिवाळीत बाहेर काढली तेव्हापासून पुढचं उजवं चाक ब्रेक सोडला तरी धरून राहतंय. परवा बेळगावहून येताना तवंदी घाट उतरून निपाणीच्या अलीकडे थांबलो, तर उजव्या रिमजवळ हात नेववत नव्हता आणि डावं चाक नुसतं कोमट. मोकळ्या रस्त्यावरही गाडी थोडी उजवीकडे ओढते.

दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे एकच उत्तर: "कॅलिपर गेला, पूर्ण बदला." मला ते पटत नाही. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा ओतीव लोखंडाचा ठोकळा. त्याला चीर नाही, आटे शाबूत आहेत. खराब होतं ते आतलं रबर आणि पिस्टन, आणि त्याचं किट अजून मिळतं. मग चाळीस वर्षं टिकलेलं कास्टिंग भंगारात का घालायचं? आपल्याकडे बेळगावात उद्यमबाग आहे, पलीकडे कोल्हापूरजवळ शिरोली आहे, दोन्ही कारखान्यांच्या वसाहती, हातात कसब असलेली माणसं आहेत. हे काम इथंच व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. कुणी केलंय का? कुठं जपावं लागतं?

शहापूरकर:
आधी होजपाइप बघा की हो. सगळे कॅलिपरच्याच मागं लागूलालेत.

जांबोटी_क्रॉस:
शहापूरकर बरोबर बोलतायत, फक्त थोडं सविस्तर सांगतो. कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणारा रबरी होजपाइप बाहेरून चांगला दिसतो, पण जुना झाला की आतून फुगतो आणि वाट अरुंद होते. पायाच्या दाबाने ऑइल पुढे जातं, पण सोडल्यावर परत येत नाही. चाक धरून राहतं आणि दोष कॅलिपरवर येतो.

तपासायला कसलंही मशीन लागत नाही. चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, चाक धरलंय ना ते बघा. आता कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, किंचित ढिला करा. चार थेंब ऑइल उडून चाक मोकळं झालं तर आत दाब अडकला होता, म्हणजे दोष होजचा किंवा त्याच्या वरचा. निपल उघडूनही चाक जाम असेल तर पिस्टनच अडकलाय. होज आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो) यातला कोण हे ठरवायचं असेल, तर तीच तपासणी मास्टर सिलिंडरजवळचा पाइप ढिला करून करायची. तिथं दाब सुटून चाक मोकळं झालं तर मास्टरचं परतीचं बारीक भोक बुजलंय किंवा त्याला ढकलणाऱ्या पेडलच्या दांडीला, पुशरॉडला, मोकळीक नाही.

तवंदीघाट:
जांबोटी_क्रॉस, आजच करून बघितलं. निपल उघडला, ऑइल आलं, चाक तसंच घट्ट. पॅड आणि डिस्कच्या मध्ये लाकडी पट्टी सारून रेटलं तर आतला पिस्टन मागं सरकतो, बाहेरचा हलतच नाही. ऑइलचा रंग मात्र बघवत नाही, काळ्या चहाच्या वर गेलाय.

जुनं_लोखंड:
मग उघडा. भिऊ नका. आधी एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की करा, कारण निम्मे लोक इथंच गफलत करतात.

मास्टर सिलिंडरमध्ये आणि ड्रम ब्रेकच्या चाकातल्या व्हील सिलिंडरमध्ये रबर पिस्टनबरोबर सरकतं आणि सिलिंडरच्या भिंतीला घासतं. तिथं भिंत आरशासारखी लागते. तुमच्या कॅलिपरमध्ये उलटं आहे. रबराचं सील भिंतीतल्या खाचेत बसून राहतं आणि पिस्टन त्याच्यातून सरकतो. म्हणजे ऑइल अडवणारा पृष्ठभाग पिस्टनचा, भिंतीचा नाही. भिंतीवर थोडे डाग असले तरी चालतात, पिस्टनवर सील फिरतं त्या पट्ट्यात नखाला लागेल एवढा खड्डासुद्धा चालत नाही.

आता चिकटतं का? ते सील छेदात चौकोनी असतं. दाब आला की पिस्टनबरोबर जरासं वाकतं, दाब गेला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागं ओढतं. डिस्क ब्रेकला परतीची स्प्रिंग नसते, हे रबरच ते काम करतं. खाचेच्या तळाला गंज साचला की त्याला वाकायला जागा उरत नाही, आणि अंगठी बोटात रुतावी तसं ते पिस्टनला आवळतं. नवीन किट टाकूनही ज्यांचे ब्रेक महिन्याभरात पुन्हा चिकटतात, त्यांनी ती खाच साफ केलेलीच नसते. भिंत पॉलिश करण्यात अर्धा दिवस घालवतात आणि खाच तशीच.

खाच खरवडायला स्क्रूड्रायव्हर नको, कडा दुखावतात. पितळी तार चपटी करून तिचं टोक वाकवा. डस्ट कव्हर बसतं ती जागाही तेवढीच महत्त्वाची. पाणी तिथूनच शिरतं.

खडेबाजार_स्पेअर:
आमच्या वडिलांनी आयुष्यभर सगळे पार्ट पेट्रोलमध्येच धुतले. कधी अडचण आली नाही. उगाच बाऊ करू नका.

जुनं_लोखंड:
लोखंड धुवा, माझी ना नाही, फक्त जोडणीआधी थेंब राहता कामा नये. रबराला मात्र पेट्रोल, रॉकेल, डिझेल, साधं ग्रीस, इंजिन ऑइल यातलं काहीही लागू देऊ नका. ब्रेकचं आजचं सील बहुतेक ईपीडीएम रबराचं असतं. ते ब्रेक ऑइलमध्ये निवांत राहतं आणि खनिज तेलात फुगतं. फुगलेलं सील म्हणजे पुन्हा जाम पिस्टन. शेवटची धुणी ताज्या ब्रेक ऑइलने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने द्यायची. जोडताना तेच ताजं ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीस, दुसरं काही नाही.

खडेबाजार_स्पेअर:
लाल ग्रीस आमच्याकडे मिळतं. छोटी ट्यूब पुरते.

खानापूरची_ताई:
पिस्टन बाहेर काढण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. कंप्रेसरची हवा लावताना बोटं आत ठेवू नका. पिस्टन सुटतो तेव्हा गोळीसारखा सुटतो, समोर बोट असलं तर चिरडतं. या गाडीच्या कॅलिपरला समोरासमोर दोन पिस्टन आहेत. मोकळा असलेला आधी बाहेर आला की हवा तिकडूनच निघून जाते आणि अडकलेला तसाच राहतो. म्हणून मोकळ्याला सी-क्लॅम्प आणि लाकडाच्या तुकड्याने दाबून धरायचं आणि अडकलेल्याला आधी हलवायचं.

त्याहून बरी युक्ती म्हणजे कॅलिपर पाइपला जोडलेला असतानाच पेडल हळूहळू दाबून पिस्टन ढकलत आणायचे. ऑइलचा दाब हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि ते हवेसारखं उसळत नाही.

चंदगडी_मेकॅनिक:
ताईंनी पेडलचं सांगितलं ते खरं, एक जोडतो. जुन्या गाडीचं पेडल कधी तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचं रबर रोज ठरावीक अंतरच चालतं, त्याच्या पुढच्या भागात गंज धरलेला असतो. पेडल पूर्ण खाली गेलं की रबर त्या गंजावरून जातं आणि कापलं जातं. मग कॅलिपर नवा आणि मास्टर सिलिंडर गळका. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा.

पॅड काढताना फुंकर मारू नका, हवा मारू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं बांधून टाकून द्या.

उद्यमबाग_टर्नर:
धागा आत्ता बघितला. पिस्टन खराब निघाला तर काय, यावर माझं थोडं बोलणं आहे.

आमच्याकडे हायड्रॉलिक सिलिंडरचं काम चालतं. रॉड ग्राइंड करणे, हार्ड क्रोम करून घेणे, पुन्हा ग्राइंड आणि पॉलिश, हे रोजचंच. कॅलिपरचा पिस्टन म्हणजे आमच्या दृष्टीने आखूड, पोकळ रॉड. तवंदीघाट, तुम्ही नमुना आणून दिलात तर ३१६ स्टेनलेसचा पिस्टन करून देता येतो. स्टेनलेसचे दोन फायदे. वरचा क्रोम उडाला की खालून गंज, हा प्रकारच संपतो. शिवाय साध्या पोलादापेक्षा स्टेनलेसमधून उष्णता साधारण एक तृतीयांशच वाहते, म्हणून पॅडची धग ऑइलपर्यंत कमी पोचते.

पण एक अट. माप पिस्टनवरून घेणार नाही. झिजलेल्या पिस्टनवरून काढलेलं माप झिजलेलंच असतं. कॅलिपरचं बोअर, म्हणजे पिस्टन बसतो ते भोक, आणि सील दोन्ही घेऊन या. व्हर्नियरवर हे काम करणारा कुणी भेटला तर नमस्कार करून परत फिरा, इथं मायक्रोमीटरच लागतो.

डिझेल_आणि_मी:
टर्नरसाहेबांच्या कामाबद्दल आदर आहे, पण मी याच्या विरोधात. ब्रेकमध्ये एकच नग बनवलेला पार्ट नको. एटीई या ब्रेक कंपनीच्या पिस्टनच्या तोंडाला एक पायरी असते, एका बाजूचा भाग खाली कापलेला. ती पायरी कॅलिपरमध्ये २० अंशांच्या तिरकस जागी बसवायची असते, नाहीतर ब्रेक किंचाळतो आणि पॅड तिरपे झिजतात. लेथवर गोल पिस्टन निघेल, ती पायरी कोण काढणार? कारखान्याच्या मापाचा क्रोम केलेला पिस्टन बाजारात मिळतो. तोच घ्यावा.

उद्यमबाग_टर्नर:
पायरी मिलिंगवर निघते, पण तुमचा मुद्दा मान्य. तयार पिस्टन मिळत असेल तर तोच घ्यावा असं मीही सांगेन. ज्या गाड्यांना काहीच मिळत नाही, त्यांच्यासाठी आम्ही आहोत.

अनगोळ_गल्ली:
स्टेनलेसचा पिस्टन घातला तर पुढं विंटेजचा नंबर मिळायला अडचण येईल काय?

जांबोटी_क्रॉस:
नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी विंटेज धरली आहे. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, एवढं ते बघतात. ब्रेकचे पिस्टन त्यात येत नाहीत. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. पण तवंदीघाटांची गाडी १९८२ ची, त्यांना २०३२ पर्यंत कळ काढावी लागेल.

अनगोळ_गल्ली:
तोवर आम्ही सगळे निपाणीला कुंदा घेऊन येतो.

शहापूरकर:
आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीला हे कसलंच झेंगट नाही बा. चारी चाकांना ड्रम.

चंदगडी_मेकॅनिक:
तुमच्या ड्रमला आठ वेळा ॲडजस्ट करायला मीच येतो की शहापूरकर!

कणकुंबी_पाऊस:
विषय थोडा बाजूला जाईल, पण त्या काळ्या ऑइलबद्दल लिहायलाच हवं. आम्ही चोर्ला घाटाच्या तोंडावर राहतो. इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. आमच्या जिप्सीचं ब्रेक ऑइल आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बदललं नव्हतं. गोव्यातल्या साखळी गावाकडे घाट उतरताना अर्ध्यात पेडल एकदम मऊ झालं आणि खाली गेलं. गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी कडेला घेतली. थोड्या वेळाने पेडल आपोआप जागेवर आलं. गळती कुठंच नव्हती.

कारण सरळ आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शिरलं की १४० लाच. डॉट ४ चं तेच २३० वरून १५५ वर येतं. घाटात चिकटलेला कॅलिपर एवढी धग सहज देतो. ऑइलची वाफ झाली की पेडल वाफेवर दबतं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून तवंदीघाट, कॅलिपर होईपर्यंत ती गाडी घेऊन घाट उतरू नका, कळकळीने सांगतोय. आमच्यासारख्या पावसाच्या भागात दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हाच खरा कॅलिपरचा इलाज आहे. आतून गंज चढतो तो याच पाण्याने.

खडेबाजार_स्पेअर:
डॉट ५ आणि डॉट ५.१ एक समजू नका. ५ सिलिकॉनचं, ते ३ आणि ४ मध्ये मिसळत नाही. ५.१ मिसळतं. गिऱ्हाइकं रोज गोंधळतात.

डिझेल_आणि_मी:
आणखी एक वाद मिटवून टाकू. कॅलिपरचे दोन अर्धे बोल्टने जोडलेले दिसतात. ते उघडायचे का? कंपनीचं म्हणणं, उघडू नका.

जुनं_लोखंड:
मी उघडतो. मधल्या ऑइलच्या वाटेचं छोटं सील नवीन लागतं आणि बोल्ट नेमक्या टॉर्कला आवळावे लागतात. अर्धे वेगळे केले की खाच डोळ्यांना सरळ दिसते.

डिझेल_आणि_मी:
तुमचा हात बसलाय. पहिल्यांदा करणाऱ्याने का उघडावं? पॅड काढल्यावर मधल्या फटीतून दोन्ही पिस्टन बाहेर येतात, दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घेतला की खाचही दिसते. ते मधलं सील किटमध्ये नसतं, टॉर्कचा आकडा हातात नसतो, आणि तिथं गळती सुरू झाली तर दिसतही नाही लवकर.

जुनं_लोखंड:
पहिल्यांदा करणाऱ्यासाठी तुमचं बरोबर. तवंदीघाट, उघडू नका.

तवंदीघाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. कॅलिपर उघडला, अर्धे जोडलेलेच ठेवले. ताईंच्या सांगण्याप्रमाणे मोकळा पिस्टन क्लॅम्पने धरला, ठोकळा लावून पेडलने ढकललं, आणि अडकलेला पिस्टन कुरकुरत बाहेर आला.

जे दिसलं ते सांगतो. बाहेरच्या बाजूचं डस्ट कव्हर खालून फाटलेलं, म्हणजे पाणी साचणार तिथंच. त्याच्या आत पिस्टनच्या कडेला चंद्रकोरीसारखा क्रोम उचकटलेला. नखाने ढकलला तर पापुद्रा निघाला, खाली तांबूस भुकटी. सील काढलं तेव्हा वाटलं खाच स्वच्छच आहे, तळ काळा आणि गुळगुळीत. पितळी तारेने ओरबाडलं तर तो तळ नव्हताच, दगडासारखा घट्ट बसलेला गंजाचा थर होता. तुकडे निघाले तेव्हा खाच आधीपेक्षा स्पष्ट खोल झाली. नवीन सील बोटाने बसवलं तर ते आता बेताने वर येतं, जुनं पार बाहेर डोकावत होतं. जुनं_लोखंड, तुम्ही सांगितलं नसतं तर मी त्या काळ्या थरावरच नवीन रबर चढवलं असतं.

पिस्टन दोन्ही तयारच मागवले. उद्यमबागेत नेऊन टर्नरसाहेबांकडून बोअर आणि पिस्टन दोन्ही मायक्रोमीटरवर तपासून घेतले. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. २० अंशांसाठी पुठ्ठ्याचा गेज कापला आणि मॅन्युअलमधल्या आकृतीशी ताडून पिस्टन फिरवून बसवले. आता ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं, राहिलंय.

चंदगडी_मेकॅनिक:
छान. ब्लीडिंगला सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने करा. बाहेरच्या देशातले व्हिडिओ "मागचं उजवं" म्हणतात, कारण त्यांचं स्टेअरिंग डावीकडे. आपलं मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून आपलं पहिलं चाक मागचं डावं.

निपल वरच्या बाजूला आलाय ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो, हवा वर अडकते आणि दिवसभर ब्लीड केलं तरी पेडल मऊच राहतं. तुम्ही एकच काढलाय म्हणून भीती नाही, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

तांब्याचे वॉशर जुनेच वापरणार असाल तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, नरम होतात. नवीन मिळाले तर नवीनच घ्या. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

डिझेल_आणि_मी:
या गाडीचा क्लचही त्याच डब्यातलं ऑइल घेतो. त्याची नळी डब्यात वर असते. ब्लीडिंग करताना डबा खाली गेला तर आधी क्लचमध्ये हवा शिरते. डब्यावर एक माणूस बसवा.

खानापूरची_ताई:
आणि डावा कॅलिपर? तोही त्याच वयाचा आहे. एका बाजूला नवीन सील आणि दुसऱ्या बाजूला जुनं असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढणारच. पुढच्या दोन्ही चाकांचं काम जोडीनेच करायचं असतं. पॅडही जोडीनेच. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तोही मोजून घ्या.

तवंदीघाट:
ताई, डाव्याचं किटही आणलंय. आज तेच उघडलं. तिथला गंज कमी, पण खाचेत तोच काळा थर.

दोन्ही बसवून, होजही दोन्हीकडचे बदलून, सगळं ऑइल डॉट ४ नवीन घालून आज संकेश्वरपर्यंत जाऊन आलो. सपाट रस्त्यावर सुरुवातीला मध्यम वेगावरून हळू ब्रेक, मध्ये गार होऊ दिलं, असं करत पॅड बसवले. तवंदी उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये आलो. खाली थांबून दोन्ही रिमना हात लावला, सारखेच गरम. गाडी सरळ चालते.

अनगोळ_गल्ली:
अभिनंदन! खर्चाचं सांगा की.

तवंदीघाट:
दोन किट, चार पिस्टन, पॅड, होज आणि ऑइल मिळून जेवढे गेले, त्यात बाहेरून मागवलेला एक कॅलिपरही आला नसता.

उद्यमबाग_टर्नर:
काढलेले जुने पिस्टन टाकू नका. मला द्या. त्यांवर क्रोम परत चढवून बघायचंय, ज्यांना पिस्टनच मिळत नाहीत त्यांच्या गाड्यांसाठी मोजमाप तयार राहील.

खडेबाजार_स्पेअर:
मागच्या चाकांचं किट आत्ताच घेऊन ठेवणार असाल तर पाकिटावरची तारीख बघून घ्या. रबर दुकानातसुद्धा म्हातारं होतं.

तवंदीघाट:
टर्नरसाहेब, पिस्टन रविवारी आणून देतो. मागचे कॅलिपर उन्हाळ्यात, तोवर किट नको. शहापूरकर, तुमच्या पद्मिनीचे व्हील सिलिंडर उघडायचे म्हणत होता ना?

शहापूरकर:
व्हय, पुढच्या आठवड्यात. त्याचा वेगळा धागा काढतो. जुनं_लोखंड, भिंत आरशासारखी लागते म्हणालात ती कशी करायची ते तिथं सांगा.